ओगले डॉक्टरांची चोरदिंडी

ओगले डॉक्टर गेल्याचं चंदीगडहून कळलं, तेव्हा आमच्या ओळखीतल्या एकानेही "कशाने?" असं विचारलं नाही. सगळ्यांनी विचारलं ते एवढंच, "आणि वहिनी कुठे होत्या?"

त्याचं उत्तर येईल ओघाने. आधी माणूस सांगते.

डॉक्टर दातांचे. चंदीगडच्या ज्या मोठ्या सरकारी इस्पितळात ते होते, तिथेच मी स्वयंपाकघराची देखरेख करत असे. रुग्णांचं पथ्य, डाळीचं पाणी, बिनमिठाची भाजी हे माझं खातं. चौधरी आडनावामुळे तिथले लोक मला आपल्यातलीच समजून थेट पंजाबीत सुरू व्हायचे. मी भुसावळकडची, तापीकाठची, हे सांगून सांगून मी कंटाळले आणि सोडून दिलं. ओगल्यांना मात्र ते सांगावं लागलं नाही. मी दाढ दाखवायला गेले होते. त्यांनी आरसा तोंडात घातला आणि म्हणाले, "चौधरीबाई, तुम्ही खानदेशातल्या. कळण्याच्या भाकरीवर वाढलेले दात लपत नाहीत."

बुटके, रुंद खांद्यांचे, टक्कल पडलेले. पायात बाराही महिने कॅनव्हासचे बूट. "आ करा" हे ते सगळ्यांना मराठीतच सांगायचे आणि समोरचा धिप्पाड जाट शेतकरीसुद्धा निमूटपणे आ करायचा. मग आरशाच्या दांड्याने दातावर टक्‌ टक्‌ करायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. ही सवय इस्पितळात राहिली असती तर प्रश्न नव्हता. पण तो छोटा आरसा कायम त्यांच्या शर्टाच्या खिशात असायचा आणि कोणाच्याही घरी गेले की गप्पा मारता मारता ते भिंत ठोकायला लागायचे. टक्‌ टक्‌. थोडं सरकून पुन्हा टक्‌ टक्‌. "इथे पोकळ आहे हं," असं म्हणून चहाचा घोट घ्यायचे. आमच्या क्वार्टरची एकही भिंत त्यांनी सोडली नव्हती. माझ्या यजमानांनी तर वाळवीच्या भीतीने एकदा कपाट सरकवून पाहिलं.

शिक्षण दातांचं, पण जीव किल्ल्यांत. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी जन्मलेला माणूस. साताऱ्याभोवतीचा एकही गड त्यांनी सोडला नव्हता. असा माणूस नोकरीसाठी चंदीगडला येऊन पडला, जिथे रस्ते पट्टीने आखलेले आणि घरांचं सिमेंट अजून पुरतं वाळलेलंही नाही.

"या शहरातली सगळ्यांत जुनी वस्तू कोणती, माहितीय?" ते विचारायचे. "मी. या शहराला अजून दुधाचे दात आहेत, बाई."

महाराष्ट्रातून आलेली आम्ही मंडळी सुट्टीत पिंजौरच्या जुन्या बागेत सहलीला जायचो. एकदा त्यांनाही नेलं. कारंजी, कमानी सगळं पाहून झाल्यावर म्हणाले, "छान आहे. पण बागेला कोण वेढा घालतं?"

त्यांना त्यांचा किल्ला सापडला तो एकाहत्तरच्या लढाईत, आणि तेव्हा मी तिथे होते.

त्या डिसेंबरात खिडक्यांच्या काचांना काळे कागद होते. स्कूटरचे दिवे अर्धे काळे रंगवलेले, सेक्टरच्या बागांमधून खंदक खणलेले. इस्पितळाने इंडस्ट्रियल एरियात प्रथमोपचाराचं एक पथक ठेवलं होतं. त्यात ओगल्यांना पाठवलं, कारण लढाईच्या दिवसांत दात दाखवायला कोण येतो? मी दुपारी गाडीतून त्या पथकासाठी चहा आणि दूध घेऊन जायची. पथक बसायचं बेदी नावाच्या एका कारखानदाराच्या आवारात. बेदीजींचा कारखाना नटबोल्टचा. पासष्टच्या लढाईत सैन्याचं काही काम त्यांच्याकडे आलं होतं, तेव्हा या गृहस्थांनी कारखान्याच्या शेजारच्या मोकळ्या जागेत जमिनीखाली दुसरा कारखाना बांधला. वर बॉम्ब पडो की आणखी काही, खाली लेथ चालू राहिली पाहिजे, हा हिशेब. खाली जायला जिना, मग लोखंडी दार, मग एक लांब बोळ आणि त्याच्या दोन्ही अंगांना खोल्या. हवेसाठी जाड पाइप वर जमिनीबाहेर काढलेले.

एके दिवशी मी चहा ओतत असताना भोंगा वाजला. सगळे खाली. कामगार, पथक, बेदीजी, मी, माझी किटली. दार लावलं. वर काहीच पडलं नाही. थोड्या वेळाने धोका टळल्याचा भोंगा पाइपातून ऐकू आला. बेदीजींनी दार ओढलं, तर दार हलेना.

दिवा एकच, तोही कंदील. आधी हसणं झालं. मग दोघातिघांनी खांदे लावले. मग कोणी शिव्या द्यायला लागलं, कोणी कोपऱ्यात उभं राहून गुरबानीचा पाठ म्हणायला लागलं. हवा जड झाली होती की तसं वाटत होतं, ते मी सांगू शकत नाही. तेवढ्यात बोळाच्या आतल्या टोकाकडून आवाज आला. टक्‌ टक्‌.

मी चाचपडत गेले. "डॉक्टर, काय करताय?"

"चोरदिंडी शोधतोय."

"ती काय असते?"

"किल्ल्याला महादरवाजा असतो, आणि एक लहान लपवलेली वाट असते. वेढा पडला की तिथून निसटायचं. बांधणारा शहाणा असला तर ती ठेवतोच."

"आणि नसली तर?"

"एकच दार असलं तर त्याला किल्ला म्हणत नाहीत, बाई. थडगं म्हणतात." ही दाढ काढावी लागेल, हे ज्या आवाजात सांगायचे त्याच आवाजात ते म्हणाले.

बाहेरून कोणीतरी पहार घालून दार उघडलं. सगळे धावत वर गेले. डॉक्टर सर्वांच्या मागून आले. थंडीतही कपाळावर घाम होता, आणि चेहरा मात्र काहीतरी गवसल्यासारखा. मला तो चेहरा आवडला नाही.

वर येताच त्यांनी बेदीजींना गाठलं. "दूसरा रास्ता किधर है?"

"दूसरा? डॉक्टरसाब, एक ही बनाया था जी. सीमेंट ही उतना था."

डॉक्टर माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "सांगणार थोडाच! चोरदिंडी कोणी सांगतं का?"

आता अशा माणसाला काय पटवायचं? आहे म्हटलं तर आहेच, आणि नाही म्हटलं तर लपवलीय.

पुढे काही वर्षांनी बेदीजींनी कारखाना मोहालीला हलवला. जुन्या जागेवर एक चौकीदार तेवढा राहिला, आणि जमिनीखाली गुडघाभर पाणी. डॉक्टरांनी ती जागा साफ करायची परवानगी मागितली. बेदीजींना नाही म्हणता येईना, कारण त्यांच्या आईची कवळी डॉक्टरांनी केली होती. इतर दोघांनी केलेल्या कवळ्या फेकून दिलेल्या त्या बीजी, म्हणजे आई, ओगल्यांच्या कवळीने मक्याची रोटी खात होत्या. त्या घरात डॉक्टरांचा शब्द खाली पडत नसे.

मग दर रविवारी डॉक्टर तिथे. आधी पंप लावून पाणी काढलं, मग चुना मारला. ते आडमुठं दार उतरवून, घासून, तेल देऊन पुन्हा बसवलं. भंगारबाजारात हिंडून हाताने फिरवायचा भोंगा आणला, पत्र्याची शिरस्त्राणं आणली, वाळूच्या लाल बादल्या, काळी झाकणं लावलेले कंदील, एक स्ट्रेचर. लढाईच्या वेळच्या सूचनांचे फलक स्वतः रंगवले. चारपाच वर्षांत ती जागा अशी झाली की खाली उतरलं की पुन्हा तो डिसेंबर अंगावर यायचा. फरक एवढाच की डॉक्टरांनी प्रत्येक खोलीला नाव दिलं होतं. लोखंडी दार हा महादरवाजा. लेथची खोली ही सदर. शिधा ठेवायची खोली अंबरखाना. पाण्याची टाकी म्हणजे टाकं. दसऱ्याला महादरवाजाला झेंडूचं तोरण चढायचं.

बेदीजी हसायचे. "किला-शिला कुछ नहीं जी, बेसमेंट है." पण पाहुणे आले की स्वतःच त्यांना दाखवायला घेऊन यायचे.

इथे दिवाळीचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यातच आहे. आपल्याकडे मुलं दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करतात. चंदीगडला जन्मलेल्या आमच्या मुलांना तो ठाऊक नव्हता. डॉक्टरांनी सगळ्यांना गोळा करून क्वार्टरच्या मागच्या हिरवळीवर किल्ला करायला घेतला. संध्याकाळी बुरूज उभे राहिले. सकाळी पाहतो तर नुसता ढीग. पुन्हा केला, पुन्हा बसला. तिथली माती तशीच. डोंगरातून पावसाळी ओढे, ज्यांना तिथे चो म्हणतात, ते जी रेती आणतात त्याच रेतीवर ते अख्खं शहर बसलेलं आहे. आमच्या तापीकाठची मातीही तीच जात. उन्हाळ्यात आमच्याकडे गुरंसुद्धा दरडीखाली बांधत नाहीत. मी तसं म्हटलंही. पण सातारच्या माणसाचा मातीवर विश्वास फार. डॉक्टर मुलांनाच रागावले, "हात हलके आहेत तुमचे. दाबून लिंपत नाही." आणि पुढच्या दिवाळीला काय केलं असेल? गावाहून येताना रेल्वेतून एक पोतं लाल माती आणली. हमालाने विचारलं, साहेब, यात काय आहे? म्हणाले, "बुरूज." त्या मातीचा किल्ला ताठ उभा राहिला, भाऊबीज झाली तरी ढळला नाही. डॉक्टर खूश. आपण ज्या जमिनीवर राहतो ती कशी आहे हे कळायची एक संधी देवाने दिली होती, ती त्यांनी पोत्यात बांधून परत पाठवली.

हळूहळू रविवारी लोक किल्ला पाहायला यायला लागले. इस्पितळातले, विद्यापीठातले, आमची मराठी मंडळी तर हमखास. डॉक्टर डोक्यावर पत्र्याचं शिरस्त्राण घालून पुढे चालायचे. शालूवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, बरोबर यायच्या, पण जमिनीखाली त्या कधीच उतरल्या नाहीत. उंच, हडकुळ्या, बोलणं मोजकं. जिन्याच्या तोंडाशी चौकीदाराचं स्टूल घेऊन थर्मास मांडीवर धरून बसायच्या. कोणी आग्रह केला तर म्हणायच्या, "तुम्ही जाऊन या. मला इथे ऊन बरं आहे." भर जूनमध्येही हेच सांगायच्या.

डॉक्टरांच्या फेरीत एक प्रकार ठरलेला होता. सगळं दाखवून झालं की ते सर्वांना बोळाच्या आतल्या टोकाला उभं करायचे, महादरवाजा लावून घ्यायचे आणि कंदील विझवायचे. "आता बोलायचं नाही. लढाई म्हणजे काय ते ऐका."

लोक ऐकायचे. स्वतःचा श्वास, शेजाऱ्याच्या पोटातली गुडगुड. पहिल्यांदा मी गेले तेव्हा माझी धाकटी माझा पदर धरून होती. आमच्या तिथल्या मुलांना मराठी समजे, बोलत मात्र ती हिंदी. त्या अंधारात ती म्हणाली, "मम्मी, ये दीवार के पीछे कौन है?"

"कुणी नाही."

"कोई है. चावल बीन रहा है."

मी कान दिला. खरंच होतं. भिंतीमागे कोणी सुपात तांदूळ फिरवावेत तसा आवाज. थोडा वेळ थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. सर्रर्र.

कंदील लागल्यावर मी डॉक्टरांना विचारलं. ते इतके खूश झाले की बोलता बोलता शिरस्त्राण कलंडलं. "तुम्हाला ऐकू आलं ना? किल्ला श्वास घेतो, बाई. मागे मोकळी जागा असल्याशिवाय असा आवाज यायचा नाही." आणि आरशाचा दांडा काढून त्यांनी ती भिंत ठोकली. बाकी भिंती टक्‌ टक्‌ वाजत. ही ढब्‌ ढब्‌ वाजली.

"डॉक्टर," मी म्हटलं, "दातात असं वाजलं तर तुम्ही काय म्हणता?"

"कीड."

"मग?"

"भिंत म्हणजे दात नव्हे." आणि ते पुढच्या पाहुण्याकडे वळले.

त्यानंतर प्रत्येक वेळी त्या अंधारात मी तो आवाज ऐकला. दर पावसाळ्यानंतर तो वाढलेला असायचा. लोकांना तो फेरीतला गमतीचा भाग वाटू लागला होता. काही जण तर "आज श्वास ऐकवणार ना?" असं विचारून यायचे.

ऐंशीच्या सुमारास डॉक्टरांनी ती भिंत फोडली. माणूस आत जाईल एवढं भगदाड पाडलं. मागे वाट नव्हती, भुसभुशीत रेती होती, आणि तिच्यावर हातभर पोकळी. आपण म्हणू, चला, संपलं. डॉक्टर म्हणाले, "बुजवलीय. शत्रूला कळू नये म्हणून मुद्दाम भरलीय." आणि रोज संध्याकाळी इस्पितळातून सुटले की घमेलं आणि फावडं घेऊन आत शिरायला लागले. छताला टेकू नाही, बाजूला फळ्या नाहीत. मी म्हटलं, निदान सुतार बोलवा. तर मला समजावायला लागले, "अहो, आपल्याकडे लोकांनी अख्खे डोंगर पोखरले, टेकू कुणी दिला? शेकडो वर्षं उभे आहेत."

"तो कातळ आहे, डॉक्टर. ही रेती."

"माती ती माती, चौधरीबाई."

आपल्या मराठी मंडळींची वर्षाची सहल त्यांनी त्या चोरदिंडीतून न्यायचं ठरवलं. बायकामुलांसकट. भगदाडातून शिरायचं, रांगत जायचं आणि पलीकडे वर निघायचं. पलीकडची बाजू अजून त्यांनाही दिसली नव्हती, पण रविवार ठरला होता. जेवणाची जबाबदारी नेहमीप्रमाणे माझी. मी स्पष्ट सांगितलं, माझी मुलगी आत जाणार नाही आणि कोणाचंच मूल मी जाऊ देणार नाही. डॉक्टर रागावले नाहीत. "तुम्ही शनिवारी येऊन बघा तरी. बघितल्यावर बोला."

शनिवारी मी गेले. वहिनी स्टुलावर होत्या. मी खाली उतरले. डॉक्टर भगदाडात पोटावर पडून पुढे सरकत होते आणि मी मागे कंदील धरून उभी. आतून बोलणं चालूच होतं, फेरीतल्यासारखं. "इथे उतार लागतो. म्हणजे बघा, वाट आधी खाली जाऊन मग वर येते. नेहमीची युक्ती. हात पुढे गेला, बाई! पुढे मोकळं..."

मग सुपातून तांदूळ ओतल्यासारखा आवाज झाला. पण हे सूप नव्हतं, पोतं होतं. वाऱ्याचा एक झोत आला, कंदील फडफडला आणि बोलणं थांबलं. भगदाडाबाहेर फक्त कॅनव्हासचे दोन बूट दिसत होते.

मी ओरडले. चौकीदार धावत खाली आला. त्याने एक पाय धरला, मी दुसरा. ओढलं की रेती आणखी खाली यायची. एक बूट हातात आला, पाय आतच. मी घोटा धरला. आणि त्याच वेळी डोक्यावरच्या हवेच्या पाइपातून हाक आली.

"केशव!"

मला आधी कळेना, कोण ते. वहिनींनी वर जमिनीवर बसून पाइपाला तोंड लावलं होतं. ज्या बाईने इतक्या वर्षांत नवऱ्याचा उल्लेख "हे" याच्यापलीकडे केला नव्हता, ती त्यांना नावाने हाका मारत होती. "केशव! केशव!" त्या बोळात तो आवाज सगळीकडून यायला लागला.

डॉक्टर बाहेर आले. कान, नाक, डोळे रेतीने भरलेले. भिंतीला टेकून बसले, थुंकले, आणि पहिली गोष्ट काय केली असेल तर जीभ सगळ्या दातांवरून फिरवली. मग म्हणाले, "शाबूत आहेत." थोडा दम घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "पुढे पोकळी आहे, बाई. हात गेला होता माझा."

त्या क्षणी मी समजले की हा माणूस आता काही वर राहायचा नाही.

सहल पिंजौरला गेली. मी बेदीजींना मोहालीला जाऊन भेटले आणि ती जागा भरून टाका म्हणून सांगितलं. ते पांढरेफटक पडले. "मैडम, वहाँ पीछे तो फैक्टरी की नाली थी. पानी रिसता रहा होगा." म्हणजे ती पोकळी गळक्या गटाराने रेती वाहून नेल्यामुळे झालेली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी राडारोड्याचा ट्रक पाठवला. डॉक्टर रजा टाकून जिन्यावर जाऊन बसले. भांडले नाहीत, ओरडले नाहीत, नुसते बसून राहिले. संध्याकाळी बेदीजींचा मुनीम येऊन बघून गेला आणि ट्रक आला तसा परत गेला. कवळीचं ऋण.

मग मी वहिनींकडे गेले. म्हटलं, तुम्हीच अडवा. अन्नपाणी सोडा, माहेरी जाते म्हणा, काहीही करा.

वहिनी भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "चौधरीताई, त्या लढाईच्या दिवसापासून हे झोपेत भिंत ठोकतात. उशाशी. रोज. ते दार त्या दिवशी उघडलं, पण हे काही अजून बाहेर आलेले नाहीत. मी अडवून काय होणार? हे चोरून जातील. मला न सांगता जाण्यापेक्षा सांगून गेलेले बरे."

त्यांनी अट मात्र घातली. कमरेला दोर बांधायचा, आणि दुसरं टोक त्यांच्या हातात. आणि जायचं ते रविवारीच, त्या बरोबर असताना. डॉक्टरांनी मान्य केलं. विहिरीवर वापरतात तसा जाड दोर आणला. त्याची भाषाही ठरली. वहिनींनी एक हिसका द्यायचा. खालून एक हिसका परत आला तर ठीक. दोन आले तर चहा. डॉक्टरांना त्यात फार मजा वाटायची. वहिनींना वाटत असेल असं मला दिसलं नाही.

दोन वर्षं हे असं चाललं. फेऱ्या बंद झाल्या, लोक यायचे थांबले. तेव्हा शहराचा रंगही बदलत होता. संध्याकाळी रस्ते लवकर रिकामे व्हायचे, चौकाचौकांत पोलीस गाड्या थांबवून आत बघायचे, लोक आवाज खाली करून बोलायचे. कोणाला जमिनीखाली जाऊन भीती विकत घ्यायची हौस उरली नव्हती. डॉक्टर मात्र म्हणायचे, "आता तर दिंडी सापडलीच पाहिजे."

ते गेले तो रविवार नव्हता. पावसाळा संपत आला होता. इस्पितळातून दुपारी निघाले आणि घरी न जाता परस्पर तिकडे गेले. दोर घरी खुंटीवर होता आणि वहिनी स्वयंपाकघरात होत्या. चौकीदाराला आवाजसुद्धा आला नाही. वरची जमीन थोडी खचलेली दिसली, तेव्हा त्याला शंका आली. हे मला नंतर बेदीजींकडून कळलं. आम्ही तोपर्यंत बदली होऊन नागपूरला आलो होतो.

मी त्यांचा आवाज शेवटचा ऐकला तो त्याच्या आदल्या वर्षी, निघायच्या आधीच्या रविवारी. सामान बांधून झालं होतं. निरोप घ्यायला घरी गेले तर कुलूप. मग तिकडेच गेले.

थंडीचे दिवस, ऊन छान पडलं होतं. वहिनी स्टुलावर बसून मटार सोलत होत्या. डाव्या मनगटाला दोराचा वेढा. दोर जिन्यावरून खाली अंधारात गेलेला, उरलेल्याचं वेटोळं पायाशी.

"आहेत का?" मी विचारलं.

"आहेत."

"बोलवता?"

त्यांनी हिसका दिला. आम्ही दोघी दोराकडे बघत राहिलो. खालून एक हिसका आला.

"मी आल्याचं सांगायची काही खूण आहे का?"

"नाही हो. ठीक आणि चहा, एवढंच ठरलंय." मग पाइपाकडे वळून त्यांनी आवाज दिला, "चौधरीताई आल्यात! निघाल्यात त्या उद्या!"

 मग पाइपातून बारीक, लांबून आल्यासारखा डॉक्टरांचा आवाज आला. "बाई, थांबा! आलोच! फक्त हे एवढं..."

पुढचं ऐकू आलं नाही. दोर मात्र हलला. हिसका नव्हता. तो सावकाश आत जायला लागला. वहिनींच्या पायाशी असलेल्या वेटोळ्याचा एक फेरा सुटला, मग दुसरा. त्या त्याच्याकडे बघत होत्या. मला वाटलं, आता धरतील, ओढतील. त्यांनी मटाराचं ताट खाली ठेवलं, मनगटाचा वेढा सोडला आणि दोर दोन्ही हातांत सैल धरून जाऊ दिला.

मी थोडं थांबले. बांधलेल्या सामानापाशी यजमान एकटे होते, ट्रकवाला येणार होता. "येते मी," म्हटलं. वहिनींनी मान हलवली, वर पाहिलं नाही.

फाटकापाशी पोचून मी मागे वळले. वेटोळं संपलं होतं. दोर जिन्याच्या तोंडापर्यंत ताणलेला होता. वहिनी उठल्या, एका हाताने स्टूल उचललं आणि दोर हातातून न सोडता ते पहिल्या पायरीवर खाली ठेवून त्याच्यावर बसल्या.